जत्रेचे पंच आणि अमेरिकेचं सिनेट

मी चौदा वर्षं अमेरिकेचा राज्यकारभार शिकवला आणि उत्तरेला नागपूरच्या पुढे कधी गेलो नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो. नागपूरलाही गेलो तो दाढ काढायला. पण माझे जुने विद्यार्थी अजून भेटतात, कुणी आदिलाबादच्या बसस्टँडवर, कुणी कापसाच्या बाजारात, आणि अमेरिकेत निवडणूक लागली की हटकून विचारतात, "सर, आता तिकडं काय होईल?" जणू मी कालच तिकडून गाडी बदलून आलोय. मीही काहीतरी सांगतो. शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते.

आठवड्याचे सहा दिवस मी आदिलाबादच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राचा लेक्चरर होतो. सातव्या दिवशी त्याच इमारतीत, त्याच फळ्यापुढे, कौन्सिलर व्हायचो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र उघडलं, तेव्हा हे पद माझ्या वाट्याला आलं. मुधोळकडच्या माझ्या गावात ही बातमी पोचली ती मी नगरपालिकेत निवडून आलो अशी. दोघेजण नळाची तक्रार घेऊनसुद्धा आले.

या कामाची रीत बाहेरच्या माणसाला सांगितली पाहिजे. मुक्त विद्यापीठात विद्यार्थी घरीच शिकतो. पुस्तकं पार्सलानं येतात, धडे रेडिओवर लागतात, आणि रविवारी केंद्रावर येऊन शंका विचारायच्या. कौन्सिलरनं शिकवायचं नाही, फक्त शंकांचं निरसन करायचं, असा स्पष्ट नियम छापून आलेला होता. नियम करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. शंका यायला आधी पुस्तक वाचावं लागतं, आणि वाचायला ते वेळेवर यावं लागतं. एका वर्षी आमच्याकडे राज्यशास्त्राच्या जागी प्राणिशास्त्राची पुस्तकं आली आणि पोरं दोन महिने बेडकाचं हृदय वाचत बसली. पहिल्या रविवारी मी नियमाप्रमाणे विचारलं, कुणाला काही शंका? मागून एक हात वर झाला. निर्मल गावाची बस साडेचारला सुटते, तोवर सोडणार का, एवढीच काय ती शंका होती.

पोरं म्हणालो खरं, पण त्यांतली निम्मी माझ्याहून मोठी. कंडक्टर, पोस्टमन, दुकानदार, शेतकरी, नर्सबाई. शाळा लहानपणीच सुटलेली. ठरावीक वयानंतर एक चाचणी दिली की थेट पदवीला बसता येई, म्हणून हे सगळे आलेले. तिसऱ्या वर्षाला एक अख्खा पेपर अमेरिकेच्या कारभाराचा होता. अर्धा त्यांच्या केंद्राचा, अर्धा त्यांच्या राज्यांचा. आदिलाबादच्या पोस्टमनला अमेरिकेतल्या राज्यांचं विधिमंडळ कशाला पाहिजे, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पुस्तक तेलुगूत, परीक्षा तेलुगूत किंवा इंग्रजीत, आणि माझ्या वर्गातली बहुतेक माणसं घरी मराठी बोलणारी. त्यामुळे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हैदराबादेहून तेलुगूत निघायचा आणि माझ्या वर्गात येऊन मराठी व्हायचा.

पुस्तकातलं तसंच्या तसं वाचून दाखवलं तर माणसं डुलक्या घेत. मग एका रविवारी मला आमच्या गावची जत्रा आठवली.

आमच्याकडे पाच गावांची मिळून देवीची एक जत्रा भरते. तिचा कारभार दोन बैठकांतून चालतो. एक पंचांची बैठक. तिला प्रत्येक गावानं दोन पंच पाठवायचे, गाव हजार घरांचं असो नाहीतर पन्नास. दुसरी चुलीची बैठक. तिला वीस चुलींमागे एक माणूस, म्हणजे मोठ्या गावाची माणसं जास्त. दोन्ही बैठकांत होकार आला तरच मंडप पडतो. वर एक मानकरी असतो. त्याला ठराव पटला नाही तर तो पालखीला हात लावत नाही. मग बैठका पुन्हा बसतात, आणि दोन्हींत तीनातले दोन हिस्से लोक ठाम राहिले तर मानकऱ्याला मुकाट्यानं पालखी उचलावी लागते. मी फळ्यावर पाच गावं काढली आणि म्हणालो, हीच अमेरिका. दोन पंचांची बैठक म्हणजे त्यांचं सिनेट, चुलीची बैठक म्हणजे प्रतिनिधिगृह, आणि मानकरी म्हणजे राष्ट्राध्यक्ष.

त्या दिवशी साडेचारच्या बसला कुणी उठलं नाही. मग मला जोरच चढला. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मी सोयरिकीवरून सांगितली: मुलगा पसंत करायला सगळं गाव जात नाही, चार जाणती माणसं जातात, पण त्यांनी घरी ठरलेलाच शब्द तिथं द्यायचा असतो. केंद्र आणि राज्यं यांची अधिकारांची वाटणी सांगितली ती एका वाक्यात: विहीर ज्याची त्याची, ओढा सगळ्यांचा. हे वाक्य तर वर्गानं पाठच केलं. शेजारच्या खोलीत वाणिज्य शिकवणारे माझे मित्र म्हणायचे, तुझ्या वर्गात सिनेमा लावतोस की काय? मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

या वर्गातल्या दोन माणसांची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं.

पहिले पटवारीकाका. गावची पिढीजात पटवारगी यांच्या घरात होती. सरकारनं एका हुकुमानं सगळ्या पिढीजात पटवाऱ्यांना घरी बसवलं, तो राग मनात धरून काका साठी उलटल्यावर पदवीला बसले. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू. नकाशा आणि कागद पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. अमेरिका त्यांना पहिल्याच तासात कळली. "मंजे मरकज आन् रियासत," ते म्हणाले, म्हणजे केंद्र आणि राज्य, आणि वर्गाकडे वळून त्यांनी सांगितलं की आपलं गाव जागचं हाललं नाही, पण त्यांच्या हयातीत ते तीन राज्यांत जाऊन आलं: आधी निजाम, मग हैदराबाद, मग आंध्र. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा त्या राज्याच्या विधिमंडळाला विचारल्याशिवाय तोडता येत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी वही पुढे ओढली. बांध हलवायच्या आधी शेतकऱ्याला विचारतात, एवढं त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. परीक्षेत मात्र प्रश्न आला की अमेरिकेतल्या कोणत्या राज्यात एकच सभागृह आहे. आमच्याकडची विधान परिषद काही वर्षांपूर्वी बरखास्त झालेली. काकांनी ठामपणे 'आंध्र' असं लिहिलं.

दुसऱ्या पुष्पाबाई. गुडीहत्नूरजवळ सडकेला लागून त्यांचा भाजीचा मळा. नवरा वांगी, मिरच्या पिकवून आदिलाबादला आणायचा. बाई गावातल्या अंगणवाडीत कार्यकर्त्या होत्या. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि तेलुगू लिहायला शिकल्या त्या अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून. दहा वर्षं खाऊ वाटला, वजनं केली, सुया टोचायला पोरं धरली. सुपरवायझरच्या जागा निघायच्या, पण अर्जाला पदवी लागायची. म्हणून त्या पदवीला बसल्या. रविवारी सकाळी मळ्यातली कामं उरकून, डोक्यावरचा पदर नीट करून पहिल्या बाकावर बसायच्या. बोलायच्या कमी, पण विचारलेलं नेमकं असायचं. जत्रेच्या तासाला सगळे माना डोलवत होते, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "सर, तिथल्या पंचायत बाया बसतात का?" बसतात, मी म्हणालो. "मंग ते आपल्या जत्रेपरीस बरंच आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बघून लिहायला लागल्या.

बाकी सगळे विषय त्यांनी एकेक करत काढले होते. उरला होता एकच, अमेरिका. तो सुटला की पदवी, आणि पदवी झाली की सुपरवायझरचा अर्ज. वयाच्या अटीप्रमाणे अर्ज करायला त्यांच्याकडे दीड वर्ष उरलं होतं. पेपर देऊन आल्या तेव्हा खूश होत्या. सगळंच्या सगळं लिहिलं म्हणाल्या.

निकाल आला. अमेरिकेच्या पेपरात माझ्या वर्गातली नऊ माणसं नापास. पुष्पाबाई आणि पटवारीकाका दोघेही त्यात. मला वाटलं हैदराबादेत काही घोळ झाला. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बसवलं आणि एकेकाला विचारलं, सिनेटच्या प्रश्नाला काय लिहिलं होतं? पुष्पाबाईंनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. अमेरिकेत पाच गावं आहेत. प्रत्येक गाव दोन पंच पाठवतं. वीस चुलींमागे एक माणूस बसतो. मानकऱ्यानं पालखी उचलायला नकार दिला तर लोक पुन्हा बसतात. कंडक्टरनं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत सोयरिकीला गेलेली चार माणसं घातली होती, आणि त्यांना चहा दिल्याचंही लिहिलं होतं. पटवारीकाकांनी तर पाचही गावांचा नकाशा काढून ओढा निळ्या शाईनं रंगवला होता.

मला आधी हसू आलं. मग पुष्पाबाईंकडे लक्ष गेलं आणि मी हसायचा थांबलो.

"तुमी सांगितलं तेच लिवलं मी, सर," त्या म्हणाल्या. "एक बी शब्द इकडचा तिकडं केला नाही."

त्यात तक्रार नव्हती, हेच जास्त लागलं. चूक त्यांची नव्हतीच. मी उदाहरण सांगत होतो, ते त्याला उत्तर समजत होते, आणि माना डोलवणारा वर्ग पाहून मी फुगत होतो. कुणालाही सिनेटला सिनेट म्हणायला मी शिकवलंच नव्हतं. त्या नऊतला कंडक्टर पुन्हा कधी आला नाही. हसत हसत निरोप घेऊन गेला आणि फॉर्मच भरला नाही. पुढे कित्येकदा त्याच्या बसमध्ये बसलो, तो मला आग्रहानं पुढच्या सीटवर बसवायचा, पण अभ्यासाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. त्याचं ओझं माझ्यावर आहे.

उरलेल्या आठ जणांना मी पुन्हा शिकवायला घेतलं. आता नियमाविरुद्ध उघड उघड शिकवत होतो. पण डोक्यात एकदा जत्रा बसली की ती निघता निघेना. सिनेट म्हटलं की गाडी पंचांवर जायची, आणि पंच काढून टाकले की काहीच उरायचं नाही. यावर तोड पटवारीकाकांनी काढली. सर्वे नंबर असला की शेत हरवत नाही, तसे या सगळ्यांना नंबर द्या, ते म्हणाले. आणि स्वतःच बसून दिले. नंबर एक राष्ट्राध्यक्ष, नंबर दोन सिनेट, नंबर तीन प्रतिनिधिगृह, असे एकतीस नंबर पडले. प्रत्येक नंबरापुढे आधी पुस्तकातलं नाव, मग त्याची चतुःसीमा, म्हणजे त्याला काय करता येतं आणि काय नाही. गावातलं उदाहरण सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. रविवारी ते उभे राहून पुकारा करायचे, "नंबर दोन", आणि वर्ग एका सुरात सांगायचा. वाणिज्यवाले मित्र दारातून डोकावून गेले.

तरी पुष्पाबाईंच्या मनात एक अडलेलं होतं. उदाहरण लिहायचंच नाही का, की लिहिलं तर मार्क कापतात? मला खात्रीनं सांगता येईना. पेपर तपासणारा मी नव्हतो. त्याच सुमारास, नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, रेडिओवर एक नवी सोय झाली. रविवारी दुपारी तासभर प्राध्यापक हैदराबादच्या स्टुडिओत बसायचे आणि कुठल्याही गावचा विद्यार्थी फोन करून त्यांना थेट विचारू शकायचा. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्या राज्याला त्याच क्षणी ऐकू जायचं. आता माझी भाची मोबाइलवर परदेशच्या कॉलेजाचे वर्ग करते आणि मास्तरांशी बोलता बोलता भाजी निवडते. तिला हे सांगितलं तर ती म्हणते, मामा, एवढं काय त्यात? पण आदिलाबादेतून हैदराबादच्या प्राध्यापकाला प्रश्न विचारायचा, आणि तो परत निजामाबाद, खम्मम, कुठं कुठं ऐकू जायचा, याचा आम्हाला तेव्हा धसका होता.

अमेरिकेच्या पेपरावर कार्यक्रम होता त्या रविवारी आम्ही सगळे कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवर गेलो. बूथवाल्याकडे रेडिओ होता, पण फोनजवळ ठेवला की तो शिट्टी मारायचा. म्हणून काकांनी तो उचलून सडकेपलीकडच्या चहाच्या टपरीवर नेला. रेडिओवर काय चाललंय ते काका टॉवेल हलवून कळवणार, आणि काचेच्या खोलीत पुष्पाबाई नंबर फिरवणार, असं ठरलं. बाराव्या वेळेला लाइन लागली. मी बाहेरून काचेला नाक लावून उभा होतो.

त्या तेलुगूत बोलल्या, बाजारात बोलतात तशा. नाव, गाव सांगितलं आणि विचारलं की पेपरात आपल्याकडचं उदाहरण दिलं तर तपासणारे मार्क कापतात का? स्टुडिओतल्या प्राध्यापकांनी विचारलं, कसलं उदाहरण? मग बाईंनी जत्रा सांगितली. दोन पंच, वीस चुली, मानकरी, सगळी. पलीकडच्या टपरीवर लोक चहाचे पेले धरून रेडिओभोवती जमले, आणि कुणीतरी आवाज वाढवला तेव्हा मला सडकेअलीकडेही स्टुडिओतलं ऐकू येऊ लागलं. काकांचा टॉवेल खाली गेला तो वर येईचना.

प्राध्यापक हसले, पण चांगलं हसले. ते म्हणाले, बाई, उदाहरण उत्तम आहे. पण पानात नुसतं लोणचं वाढून चालत नाही, आधी भात वाढा. पहिल्या ओळीत सिनेटचं नाव घ्या, दुसऱ्या ओळीत नियम सांगा, मग तुमची जत्रा लिहा. मी तपासत असेन तर मार्क वाढवून देईन. आणि मग सहजच त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?

कौन्सिलरनं शिकवायचं नाही, हा छापील नियम, आणि सगळं राज्य ऐकतंय. नऊ माणसं ज्याच्यामुळे नापास झाली त्याचं नाव आता रेडिओवर जाणार होतं. पुष्पाबाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या जत्रेनंच शिकवलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाई बाहेर आल्या, मी बूथवाल्याचे पैसे चुकते केले. काका सडक ओलांडून आले, रेडिओ बगलेत, आणि म्हणाले की टपरीवाला विचारत होता, ही कोणत्या गावची जत्रा, यंदा कधी आहे? त्यावर सगळे मोकळेपणानं हसले, मीसुद्धा. पण घरी जाताना मला भरून आलं होतं. मी त्या बाईचं एक वर्ष घालवलं होतं आणि तिनं माझी लाज राखली होती.

परीक्षेच्या आदल्या रविवारी आम्ही एकतीसच्या एकतीस नंबर दोनदा म्हटले. पेपर झाल्यावर बाई फाटकाशी भेटल्या. कसा गेला विचारलं तर म्हणाल्या, आधी भात, मग लोणचं. निकालापर्यंतचे तीन महिने मी स्वतः परीक्षेला बसल्यासारखे काढले. पोस्टमन माझाच जुना विद्यार्थी, तो लांबून दिसला की मी दारात जायचो. आठांपैकी सात जण पास झाले. पुष्पाबाई पहिल्या, मार्क सगळ्यांत जास्त. पटवारीकाका काठावर सुटले. पदवी हातात आल्यावर त्यांनी ती तहसील कचेरीत नेली, कुणी मागितली नसताना सगळ्यांना दाखवली आणि परत आणून पेटीत ठेवली. एवढ्यासाठीच तर ते शिकले होते.

बाईंनी अर्ज वेळेत केला. मुलाखतीत साहेबांनी विचारलं म्हणे, अमेरिकेचा कारभार शिकून अंगणवाडीत काय उपयोग? बाई म्हणाल्या की तिकडं कितीही मोठा माणूस असला तरी त्याला कुणीतरी विचारणारं असतं, एवढं त्यातून ध्यानात राहिलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न वजनाच्या काट्याबद्दल विचारला. महिन्याभरात ऑर्डर आली. पेढे घेऊन आमच्या घरी आल्या, माझ्या बायकोच्या पाया पडल्या. बायको आठ दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होती, आमच्या यांची विद्यार्थिनी सुपरवायझर झाली.

गुडीहत्नूरच्या अंगणवाड्या पुष्पाबाईंकडे आल्या. त्यांतली एक होती माझ्या मेहुणीची. सुमन, माझ्या बायकोची धाकटी बहीण, सासरच्या गावात कार्यकर्ती होती. स्वभावानं गोड, पण घड्याळाशी तिचं लहानपणापासून वाकडं. एका सकाळी दहा वाजता पुष्पाबाई तपासणीला गेल्या तर अंगणवाडीला कुलूप. शेजारून किल्ली आणून उघडलं, रजिस्टर पाहिलं. त्या दिवशीची हजेरी आदल्याच दिवशी भरलेली. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशीचीही भरून ठेवलेली. बाईंनी रजिस्टरात लाल शाईनं शेरा मारला आणि वर पाठवला.

सुमन रडत आमच्याकडे आली. नोकरी जाते की काय, अशी तिला धास्ती. बायको माझ्यामागे लागली. विद्यार्थिनी तुमची, शब्द टाका, एवढं केलंत तुम्ही तिच्यासाठी. मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी स्कूटर काढली. खरं सांगायचं तर जाताना मला खात्री होती. आपण शब्द टाकायचा अवकाश, असंच मनात होतं.

बाई मळ्यात होत्या, ऑफिसातून येऊन वांगी तोडत होत्या. मला पाहून धावत आल्या, खाट टाकली, चहा केला. मी हवापाण्याचं बोललो, कापसाचं बोललो, पटवारीकाकांचं बोललो. त्या ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, सुमन आमची घरचीच, जरा सांभाळून घ्या, तो शेरा मागे घेता आला तर बघा.

बाईंनी कपबशी खाली ठेवली.

"सर, सात लेकरं पायरीवर बसून होती," त्या म्हणाल्या. "उपाशी. त्यायची नावं सांगू का तुमाले?"

मी मान हलवली. नको म्हणालो.

"मी लिवलेलं मीच खोडलं तर मंग मले काऊन बसवलं तिथं? वरती प्रोजेक्टच्या मोठ्या बाई हायेत. सुमनताईले म्हणा, त्यायच्याकडं दरखास्त द्या, जे झालं ते खरं लिवा. त्यायनं माफ केलं तर मी एका शब्दानं आडवी येणार नाही. ते त्यायच्या हातात. माझ्या हातात जे होतं ते मी केलं."

मी तिथं खाटेवर बसून होतो आणि माझे कान तापले होते. चौदा वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो की कुणाच्या हातात काय आणि कुणाच्या हातात काय नाही, एकानं दुसऱ्याच्या हद्दीत पाय घालायचा नाही. आणि ती हद्द ओलांडायला मी स्वतः स्कूटरवर बसून आलो होतो. शरम वाटली. त्याच वेळी, आतून, असा अभिमान वाटला की काय सांगू. शिक्षकाच्या आयुष्यात हे दोन्ही एकदम वाट्याला येणं फार थोड्या वेळा होत असेल. मी उठलो. बाईंनी स्कूटरच्या हँडलला वांग्यांची पिशवी अडकवली आणि सडकेपर्यंत सोबत आल्या.

सुमननं खरं लिहून अर्ज दिला. मोठ्या बाईंनी समज देऊन सोडलं. त्यानंतर तिची अंगणवाडी नवाच्या ठोक्याला उघडायची. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी मी रिकाम्या हातानं, म्हणजे नुसती वांगी घेऊन, घरात शिरलो तेव्हा दोघी बहिणी दारातच उभ्या होत्या. मी जे झालं ते सांगितलं. सुमन डोळे पुसत आत गेली. बायको माझ्याकडे बघत राहिली.

"इतकी वर्सं दर रविवारी घर सोडून जात होते," ती म्हणाली, "ते लोकायले हे शिकवायले?"

"हो," मी म्हणालो. "हेच."